तिसरी-चौथीच्या मुलांना हायकू कसा शिकवायचा? (माझा शनिवारचा तास पार फसला)

शाळेतली_बाई | ९ ऑगस्ट, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी, बऱ्याच दिवसांनी लिहितेय. मी डिचोली तालुक्यात सरकारी प्राथमिक शाळेत शिकवते, मराठी माध्यम, तिसरी आणि चौथी एकाच वर्गात, दोन्ही मिळून चौदा मुलं. शनिवारचा शेवटचा तास माझ्या मर्जीचा असतो, कधी गोष्ट, कधी चित्रं, कधी नुसत्या भेंड्या. यावेळी म्हटलं हायकू करून बघूया, तीनच तर ओळी, मुलांना कंटाळा यायच्या आत संपेल.

फळ्यावर लिहिलं ५-७-५. पहिल्या ओळीत पाच अक्षरं, दुसरीत सात, तिसरीत परत पाच. निसर्गावर लिहायचं. झालं, वर्गात एकदम शांतता, सगळे बोटं मोजायला लागले, मला वाटलं वा काय तल्लीन झालीत पोरं. वीस मिनिटांनी वह्या गोळा केल्या तर हे:

गोवा सुंदर
निसर्गाने भरला
आवडे मला

मोजून बघा, ५-७-५ बरोब्बर आहे, एक अक्षर इकडेतिकडे नाही. आणि चौदापैकी नऊ वह्यांत थोड्याफार फरकाने हेच, गोवा सुंदर, समुद्र सुंदर, फूल सुंदर. म्हणजे विमानतळावरचे बोर्ड असतात ना, तसं. खिडकीबाहेर धो धो पाऊस पडत होता, वऱ्हांड्यात एक ओलं कुत्रं येऊन बसलेलं, आणि एकाही वहीत ना पाऊस ना कुत्रं!

मुलांची चूक नाही, माझंच काहीतरी चुकलंय, पण नेमकं काय ते सांगा. पुढच्या शनिवारच्या आत कुणीतरी मार्ग दाखवा.

कदंबातला_प्रवासी | ९ ऑगस्ट, रात्री ९:५८

बाई, "निसर्गाने भरला" हे मला जाम आवडलंय. पर्यटन खात्याला पाठवा 😄

सतरा_अक्षरे | ९ ऑगस्ट, रात्री ११:१५

बाई, तुमचं चुकलं असं नाही, सगळेच तिथूनच सुरू करतात, मीही. बँकेतून रिटायर झाल्यावर दहाएक वर्षं या नादात आहे, मडगावात दोन-तीन वेळा मुलांबरोबर करूनही बघितलंय, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

ते ५-७-५ आहे ना, ते जपानीतलं आहे आणि तिथे जे मोजतात ते आपलं अक्षर नव्हे. त्याला ते "ओन" म्हणतात, आवाजाचा सगळ्यात लहान तुकडा. आपण टोकियो म्हणतो, त्यांच्या हिशोबाने ते तो-ओ-क्यो-ओ, चार. निप्पोन पण चार, त्यातला अर्धा प वेगळा आणि शेवटचा न वेगळा. आता गंमत बघा, त्यांच्या हायकूत एक पक्षी सारखा येतो, होतोतोगिसु, आपल्या कोकिळेच्या कुळातला. नुसतं नाव घेतलं की पाच ओन संपले, आख्खी ओळ गेली! आपला कोकीळ तीन अक्षरांत बसतो. म्हणजे त्यांच्या सतरात जेवढं मावतं त्यापेक्षा आपल्या सतरा अक्षरांत जास्तच मावतं, आणि ती जागा भरायला मुलं काय आणतात? "सुंदर", "छान", "आवडे मला". तुम्हीच त्यांना रिकाम्या जागा भरा दिल्या, त्यांनी भरल्या.

दुसरी भानगड, मराठीत मोजायचं तरी काय? मुलांना "पाऊस" वर टाळ्या वाजवायला सांगा, दोन वाजवतील, पा-ऊस. लिहिलेली अक्षरं तीन. "रस्त्यावर" च्या टाळ्या तीन, अक्षरं चार. आठ वर्षांच्या मुलाला कान एक सांगतो आणि वही दुसरं सांगते, मग तो बिचारा बघायचं सोडून मोजत बसतो.

मराठीत हायकू कवयित्री शिरीष पैंनी रुजवला आणि त्यांनी हे सतराचं बंधन ठेवलं नाही. तीन छोट्या ओळी, बऱ्याचदा त्यातल्या दोन ओळींचं यमक, बस. त्यांना गरज वाटली नाही तर तिसरीतल्या पोराला कशाला?

मी तुमच्या जागी असतो तर आकडे पुसले असते. तीन ओळी, प्रत्येक ओळ एका श्वासात म्हणता आली पाहिजे, एवढंच. यमक पण नको सांगू, यमक सांगितलं की "आला-झाला-गेला" ची रांग लागते.

आबोली | १० ऑगस्ट, सकाळी ७:२०

सतरा_अक्षरे, होतोतोगिसु वाचून मुलाने सकाळपासून घर डोक्यावर घेतलंय, सगळ्यांना तेच नाव ठेवतोय.

बाई, मी शिक्षिका नाही, पर्वरीला राहते, मुलगा सात वर्षांचा. काल तुमचा धागा वाचला आणि आज सकाळी पोदेर (पाववाला) आला पों पों करत तेव्हा सहज त्याला म्हटलं की आत्ता काय काय झालं ते तीन वाक्यांत सांग. डोळे न उघडता म्हणाला,

पोदेराचा हॉर्न
कुत्रा उठला
मी नाही

मी पाव घ्यायचेच विसरले. याला हायकू म्हणतात का ते माहीत नाही.

सतरा_अक्षरे | १० ऑगस्ट, सकाळी ७:४५

म्हणतात! आणि बाई, यात सगळं आहे बघा. "कान" आहे, जागा आहे, वेळ आहे आणि कुठेही "मला सकाळ आवडते" नाही. शेवटच्या दोन शब्दांत पोरगा आख्खा दिसतो, पांघरुणासकट.

फोंड्याचो भाऊ | १० ऑगस्ट, दुपारी १२:३०

सगळं वाचलं. राग मानू नका, पण मला एक समजत नाही, हे जपानी खूळ आपल्या मुलांच्या डोक्यात कशाला? मी स्वतः छत्तीस वर्षं मास्तरकी केली. आपल्याकडे काय कमी आहे? जात्यावरच्या ओव्या आहेत, धालोच्या मांडावर बायका रात्र रात्र गातात, फुगडीची गाणी आहेत, तुकोबांचा अभंग आहे ६-६-६-४ असा मोजून मापून. आजच्या मुलांना चार ओळी शुद्ध लिहिता येत नाहीत, ऱ्हस्व-दीर्घाचा पत्ता नाही आणि आपण त्यांना शिकवतोय की तीन तुटक वाक्यं लिही, झाली कविता. "कुत्रा उठला, मी नाही" ही कविता? मग आमच्या घरी रोज कविता होते.

कदंबातला_प्रवासी | १० ऑगस्ट, दुपारी १२:४१

भाऊ, होत असेलच, कुणी लिहून ठेवत नाही एवढंच 🙏

सतरा_अक्षरे | १० ऑगस्ट, दुपारी २:१०

भाऊ, तुमचा मुद्दा मी हसण्यावारी नेणार नाही, उलट त्यातच उत्तर सापडलं मला. अभंग ६-६-६-४ आहे हे खरं, पण भजनात बसलेलं पाच वर्षांचं पोर बोटं मोजतं का? नाही, कारण त्याला चाल असते, चाल आपोआप मोजते. ओवीचंही तेच, जात्याचा फेरा मोजतो. हायकूला आपल्याकडे चालच नाही, म्हणून मुलं बोटांवर येतात. तुम्ही अभंग शिकवा, जरूर शिकवा, तो कानाचा संस्कार आहे. हायकू मी बघायचा सराव म्हणून धरतो. दोन्हीचं भांडण नाही.

आणि परकं म्हणाल तर रवींद्रनाथ १९१६ ला जपानला गेले आणि जपानी कवी बाशोचा तो बेडूकवाला हायकू त्यांनी बंगालीत आणला, म्हणजे हे खूळ शंभर वर्षांपूर्वीच आपल्या देशात शिरलंय.

शाळेतली_बाई | १० ऑगस्ट, रात्री ९:०५

पोदेरवाला हायकू मी उद्या वर्गात वाचणार, आबोली, चालेल ना? आकडे पुसते. पण मग सांगायचं काय? "काहीही लिहा" म्हटलं तर ही मुलं तास संपेपर्यंत पेन्सिलीला टोक करत बसतील, मला माझी मुलं माहीत आहेत. विषय तर द्यावा लागेल ना. आणि बेडकाची गोष्ट सांगू का?

सतरा_अक्षरे | १० ऑगस्ट, रात्री १०:५०

बेडूक जरूर सांगा. बाशोचा तो हायकू १६८६ चा. जुनं तळं, बेडूक उडी मारतो, पाण्याचा आवाज, एवढंच आहे त्यात. मी मडगावला सांगितला तेव्हा एक मुलगी म्हणाली "मग पुढे?" मी म्हटलं पुढे काही नाही. ती म्हणाली "मग तळं परत गप्प झालं असणार." मी दहा वर्षांत जे वाचलं त्यापेक्षा ते एक वाक्य जास्त उपयोगाला आलं.

मूळ जपानीत पहिल्या ओळीच्या शेवटी "या" येतो, फु-रु-इ-के-या. त्याला धड अर्थ नाही, तो नुसता थांबा आहे, तिथे कविता कापली जाते, एका बाजूला तळं आणि दुसऱ्या बाजूला उडी. मुलांना हे "कापणं" शब्दांत सांगू नका, डोक्यावरून जातं. मी काय करतो, दोन चिठ्ठ्या देतो. एकीवर एक गोष्ट लिहायची, फक्त नाव, "दुपार", "आजीचा चष्मा", "बसस्टॉप", काहीही. दुसरीवर आत्ता दिसलेली एक हालचाल. मग चिठ्ठ्या शेजारी ठेवायच्या आणि मधे "जणू", "सारखा", "कारण", "म्हणून" यातलं काही घालायचं नाही. कधी जमतं, कधी अगदीच काहीतरी होतं आणि वर्ग हसतो. हसू दे.

विषयाबद्दल उद्या लिहितो, झोप आली.

मांडवीकाठ | ११ ऑगस्ट, सकाळी ८:३०

विषयावरून मला एक सुचलं, बघा पटतंय का. जपानी हायकूत एक ऋतूचा शब्द लागतो ना, किगो, त्यांच्याकडे त्या शब्दांचे कोशच असतात ऋतूवार, कुठलं फूल, कुठला किडा, कुठला सण कोणत्या ऋतूत. मी ते वाचलं तेव्हा मला पहिली आठवली ती आमची माटोळी.

चवथ आली आहे. आमच्याकडे माटोळीचं सामान आणायला अजून मामा रानात जातो, कांगलां, हरणांची फुलं, घागऱ्यो, कवंडळ, सुपारीचे घड, तवशीं, तोरिंगां, फागलां. वर्षाच्या त्या आठवड्यात रानात आणि परसात जे आहे ते सगळं गणपतीच्या डोक्यावर टांगलेलं. हा आपला ऋतूंचा कोशच की, फक्त कागदावर नाही, दोरीला बांधलेला. मुलांना "निसर्ग" हा विषय देऊ नका, निसर्ग कुणी बघितलाय? "माटोळीतली एक वस्तू" द्या.

पुणेकर_आता_पणजीत | ११ ऑगस्ट, सकाळी ९:१०

अज्ञान माफ करा, दोनच वर्षं झाली इथे येऊन. माटोळी म्हणजे गणपतीच्या वर ती लाकडी चौकट असते तीच ना? गेल्या वर्षी शेजाऱ्यांकडे बघितली, मला डेकोरेशन वाटलं होतं 🙈 यातली निम्मी नावं मी पहिल्यांदा ऐकतोय.

मांडवीकाठ | ११ ऑगस्ट, सकाळी ९:२५

तीच. यंदा शेजाऱ्यांकडे जाल तेव्हा प्रत्येक वस्तूचं नाव विचारा, घरातली म्हातारी माणसं खूश होतात आणि तुम्हाला नेवऱ्या जास्त मिळतात.

सतरा_अक्षरे | ११ ऑगस्ट, सकाळी ११:००

मांडवीकाठ, मी काल झोपलो ते बरं झालं, याहून चांगलं मला सुचलं नसतं. माटोळी एका आठवड्याची, पण बाकीच्या वर्षाचीही अशी यादी वर्गातच करता येईल. मिरगाच्या पहिल्या पावसानंतर रोयणीवरची (वारुळावरची) अळमी, म्हणजे अळंबी, टायकिळ्याची भाजी, सांजांवला (जूनमधल्या सेंट जॉनच्या सणाला) विहिरीत उड्या मारणारे, डोक्यावर पानाफुलांचं कोपेल घातलेले लोक, दिवाळीआधी रात्रभर कागद चिकटवून केलेला नरकासुर, मार्चपासून काजूच्या बोंडांचा वास, मेमध्ये फणस. प्रत्येक शब्द उच्चारला की महिना कळतो, किगोचं काम तेवढंच.

काणकोणकार | ११ ऑगस्ट, रात्री ८:४५

मीही शिक्षक, काणकोणात, समुद्राजवळची शाळा. धागा वाचून आजच पाचवीत करून बघितलं, यादी वगैरे नाही, फक्त "काल होतं आणि आज नाही असं काहीतरी शोधा" एवढं सांगितलं. आमच्याकडे बऱ्याच मुलांचे वडील मासेमारीवर. जून-जुलै दोन महिने ट्रॉलरना बंदी, लहान होड्याही खवळलेल्या समुद्रामुळे वर ओढून ठेवलेल्या असतात, आता परत पाण्यात गेल्या. एकाने लिहिलं:

होडी गेली पाण्यात
अंगणात तिच्या जागी
पिवळं गवत

मी त्याला विचारलं पिवळं का रे, तर म्हणे "उजेड नसतो ना सर खाली." मी रोज त्या अंगणावरून जातो, मला कधी दिसलं नव्हतं.

फोंड्याचो भाऊ | ११ ऑगस्ट, रात्री ९:३०

हे बरं आहे. हे मान्य.

शाळेतली_बाई | १६ ऑगस्ट, दुपारी ३:१५

मंडळी, आजचा रिपोर्ट. लांबलचक होणार, आधीच सांगते.

सकाळी पावसाने थोडी उघडीप दिली म्हणून वर्गात बसवलंच नाही, सगळ्यांना घेऊन शाळेला एक फेरी मारली. अट एकच, कुणी बोलायचं नाही आणि परत येईपर्यंत तीन गोष्टी डोक्यात ठेवून यायच्या, एक बघितलेली, एक ऐकलेली, एक वास आलेली. न बोलण्याची अट अडीच मिनिटं टिकली. विहिरीपाशी सगळे ओणवे, मग तिथून हलेनात. परत आल्यावर फळ्यावर दोन शब्द लिहिले आणि त्यावर काट मारली, "सुंदर" आणि "सारखा". हे दोन आज सुट्टीवर आहेत म्हटलं. एकाने विचारलं "बाई, मस्त चालेल?" त्यालाही सुट्टीवर पाठवला.

पोदेरवाला हायकू वाचला, मुलं खुदुखुदु हसली आणि तिथेच अर्धं काम झालं, आपण झोपेतून उठत नाही हे पण लिहिता येतं म्हटल्यावर! बेडूक सांगितला, त्यावर मात्र विशेष काही झालं नाही, एकाने बेडकाचा आवाज काढला तेवढंच.

सगळेच जमले असं अजिबात नाही. चार वह्यांत अजून गोवा आहे. एकीने तीन ओळींत आख्खी सहल लिहिली. दोघांनी एकमेकांचं कॉपी केलं. पण हे बघा, नावं देत नाही:

छत गळतं
बादली भरली
आता पातेलं

आणि हा ज्याचा आहे तो रोज ओढा ओलांडून येतो, वर्गात सहसा तोंड उघडत नाही:

नवे बूट
पिशवीत
मी अनवाणी

आणि तिसरीतल्या एका महाशयांनी हे दिलं, मी अजून ठरवलं नाहीये शाबासकी द्यायची की कान धरायचा:

बाई म्हणाल्या शांत
सगळे शांत
बाईंचा फोन

आता अडचण. विहिरीवरून आल्यावर एका मुलीने लिहिलं,

बांयत वाकून बघितलं
तिथे पण मी
मागे ढग

तुम्हाला माहीतच आहे, घरी कोंकणी, शाळेत मराठी, ही आमच्या सगळ्याच मुलांची गोष्ट. मी सवयीने लाल पेनाने "बांयत" वर गोल केला आणि "विहिरीत" लिहायला गेले. मग हात थांबला. "विहिरीत वाकून पाहिले" म्हणून बघितलं मनात, तर ती विहीर पुस्तकातली झाली, कठडा-बिठडा असलेली. तिची बांय गेलीच कुठेतरी. गोल तसाच राहिलाय वहीत, सोमवारी ती वही परत द्यायचीय. काय करू?

फोंड्याचो भाऊ | १६ ऑगस्ट, संध्याकाळी ५:००

अडचण कसली? मराठीचा तास आहे, विहीर लिहायचं. "बांयत" मराठीत नाही. परीक्षेत मार्क जातील तेव्हा तपासणारा ढग बघणार नाही. प्रेमापोटी मुलांचं नुकसान करू नये, हे मी अनुभवाने सांगतो. माझी स्वतःची मराठी आईच्या बोलीतून सुटायला वर्षं गेली.

आबोली | १६ ऑगस्ट, संध्याकाळी ५:२०

भाऊ, शेवटचं वाक्य वाचून वाईट वाटलं हो. सुटायलाच हवी होती का?

कदंबातला_प्रवासी | १६ ऑगस्ट, संध्याकाळी ५:३५

मंडळी इथून पुढे दोन प्रतिसादांत १९८७ चा राजभाषा कायदा, कोंकणी की मराठी, हे सगळं येणार आणि धागा जळणार. हात जोडतो, तो वाद इथे नको, त्यासाठी बाकी आख्खं इंटरनेट पडलंय.

मांडवीकाठ | १६ ऑगस्ट, संध्याकाळी ६:१०

वाद नाही घालत, एकच सांगते. कवी बाकीबाब बोरकर बोरीचे, दोन्ही भाषांत लिहिलं आणि दोन्हींकडे मोठे झाले. निबंधात विहीर शिकवा, जरूर शिकवा, पण हायकूत तिने जे बघितलं त्याचं नाव तिच्याकडे बांय आहे. जिथे वाकलो त्या जागेचं नाव बदललं तर वाकणं पण खोटं होतं. माझ्या मते गोलाच्या बाजूला लिहा "याला मराठीत विहीर म्हणतात" आणि हायकू तसाच ठेवा. शब्द एक जास्त मिळाला, गेला काहीच नाही.

काणकोणकार | १६ ऑगस्ट, रात्री ८:००

+१. मीही हेच करतो, समासात दुसरा शब्द. उलटही करायला लावतो, मराठी शब्दाला घरी काय म्हणतात ते विचारून या. "काजवा" ला एका वर्गात तीन नावं आली होती, गावागणिक वेगळी.

सतरा_अक्षरे | १६ ऑगस्ट, रात्री १०:३०

बाई, आधी त्या फोनवाल्याचा कान सोडा. त्याने जे लिहिलंय त्याला जपानीत सेनर्यू म्हणतात, आकार हायकूचाच पण विषय माणसांच्या खोड्या आणि फजिती, ऋतूबितू लागत नाही. कराई सेनर्यू म्हणून अठराव्या शतकात एक निवडकर्ता होता, त्याच्या नावावरून पडलं. मुलं स्वभावाने सेनर्यूवाली असतात, पहिल्या दोन महिन्यांत वर्गात निम्मे तरी सेनर्यूच येतात, शिक्षकाने ते अंगाला लावून घ्यायचं नाही.

जी चार मुलं अजून गोव्यातच अडकलीत त्यांच्यासाठी एक युक्ती. हायकू मुळात एकट्याचा नव्हताच. आधी रेंगा असायची, साखळी कविता, चार माणसं बसून करायची. एकाने ५-७-५ म्हणायचं, दुसऱ्याने त्याला ७-७ जोडायचं, तिसऱ्याने पुढे. त्या साखळीचा पहिला तुकडा, होक्कू, पुढे सुटा झाला आणि त्याला हायकू हे नाव तर मासाओका शिकी या कवीने दिलं, एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी. म्हणजे हा आपल्या भेंड्यांचा चुलतभाऊ समजा. तर त्या चौघांना एकटं लिहायला लावू नका. एकाने पहिली ओळ म्हणायची, फक्त जागा किंवा वेळ. शेजारच्याने तिथे काय हललं ते. तिसऱ्याने काहीतरी आवाज. आकडे अर्थात नकोतच. जे होईल ते तिघांचं. लाजाळू मुलांना हे फार मानवतं, कारण चुकलं तर दुसऱ्यावर ढकलता येतं.

आणि जमलं तर चित्र काढायला द्या बाजूला. जपानमध्ये हायकू आणि चित्र एकाच कागदावर करायची जुनी पद्धत आहे, हायकू लिहिणारा बुसोन तर चित्रकारच होता. फक्त एक सांभाळा, हायकूत जे आहे तेच चित्रात काढायचं नाही. गळक्या छताच्या बाजूला बादली काढली तर मजा गेली, तिथे मांजर काढू दे. जपान एअरलाइन्सचं फाउंडेशन मुलांची हायकू स्पर्धा घेतं, त्यातही हाताने काढलेलं चित्र लागतं. पण स्पर्धेच्या मागे एवढ्यात लागू नका, स्पर्धा म्हटली की पालक लिहायला बसतात.

बांयबद्दल मांडवीकाठ यांच्याशी सहमत.

पुणेकर_आता_पणजीत | १७ ऑगस्ट, सकाळी १०:००

"स्पर्धा म्हटली की पालक लिहायला बसतात" 😂 आमच्या सोसायटीतल्या चित्रकला स्पर्धेत एका बालवाडीतल्या मुलाने पर्स्पेक्टिव्ह काढलं होतं.

बाय द वे काल रात्री बायको आणि मी ती चिठ्ठ्यांची युक्ती करून बघितली, मोठ्यांना फार जड जातं हो. आम्ही प्रत्येक वेळी शेवटच्या ओळीत काहीतरी तात्पर्य काढत होतो.

शाळेतली_बाई | १८ ऑगस्ट, रात्री ९:३०

वही दिली आज. गोलाच्या बाजूला लिहिलं "मराठीत विहीर". तिने वाचलं आणि म्हणाली "हो बाई, माहीत आहे, पण ती शाळेतली." मी पुढे काही बोलले नाही.

साखळीची युक्ती चौघांवर केली, शेवटच्या दहा मिनिटांत. पहिला म्हणाला "फेरीबोट". दुसरा म्हणाला "गाय चढली". तिसरी बराच वेळ गप्प, मग म्हणाली "तिकीट नाही". चौथ्याला ओळच उरली नाही म्हणून तो भांडला, त्याला पुढच्या वेळी पहिला नंबर दिलाय.

आता सगळ्यांचे कागद वर्गात एका दोरीला टांगते आहे, माटोळीसारखे. (सारखे सुट्टीवर आहे, माहीत आहे.) स्केचपेनने लिहिलेले खिडकीजवळ टांगले आणि पावसाच्या झडीने सगळे धुऊन निघाले, बुटांचा कागद तर निळा डाग झालाय नुसता. त्याने परत लिहून दिला, यावेळी पेन्सिलीने. कुणी करणार असाल तर पेन्सिलच द्या मुलांना. देव बरें करूं सगळ्यांचं.

फोंड्याचो भाऊ | २६ ऑगस्ट, रात्री १०:१५

धागा वर काढतोय. मी इथे थोडं कडक बोललो होतो ते लक्षात आहे. आज नात आली चवथीसाठी, मुंबईहून, नऊ वर्षांची. माटोळी बांधायला बसलो तेव्हा तिला प्रत्येकाचं नाव सांगत गेलो, कांगल, कवंडळ, तवशें. तवशाला आमच्याकडे तवशेंच म्हणतात, काकडी म्हणवेना मला. मग तिच्याबरोबर बसून मीही एक केला. ती म्हणते आजोबा तिथे टाका, तर टाकतोय. चालेल का ते सांगा.

सुंदर सकाळ
माटोळीतलं तवशें
बांधायच्या आधीच उष्टं

कदंबातला_प्रवासी | २६ ऑगस्ट, रात्री १०:१९

भाऊ!! उष्टं कुणी केलं ते विचारत नाही.

शाळेतली_बाई | २६ ऑगस्ट, रात्री १०:२४

भाऊ, फार आवडला. पण आमच्या वर्गाचा नियम आहे, "सुंदर" सुट्टीवर.

फोंड्याचो भाऊ | २६ ऑगस्ट, रात्री १०:४०

काढला. पण मग पहिल्या ओळीत नुसतं "सकाळ" राहतं.

शाळेतली_बाई | २६ ऑगस्ट, रात्री १०:४१

राहू दे.